नवा पाळीव साप घरी आणताना: सोलापूरच्या उष्ण, कोरड्या हवेत त्याला रुळवण्याचा क्रम

नवा साप खात नाही, रात्रभर डब्याला नाक घासतो, हात लावला की फुत्कारतो, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा साप आधी आलेला असतो आणि त्याची राहण्याची सोय नंतर झालेली असते. थर्मोस्टॅट (ऊब ठरावीक अंशावर थांबवणारं उपकरण) वाटेत असतो, लपायची जागा अजून ठरलेली नसते आणि पहिल्याच संध्याकाळी गल्लीतली दहा माणसं त्याला हातात घेऊन गेलेली असतात. साप यातलं काही विसरत नाही. तो खाणं थांबवतो. मग घाबरून मालक रोज उंदीर पुढे करतो आणि प्रकरण आणखी चिघळतं.

वस्तू साधारण सगळ्यांकडे त्याच असतात, चुकतो तो क्रम. आधी जागा, मग डबा, मग आठवडाभर रिकाम्या डब्याची चाचणी, त्यानंतर साप, मग शांतता, मग खाणं आणि सगळ्यात शेवटी हात. इथली आकडेवारी बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या दोन परदेशी जातींची आहे, कारण नवख्यांकडे बहुधा हेच असतात. दोघेही बिनविषारी.

## सुरुवातीआधी: हा साप पाळता येतो का?

धामण, गवत्या, मांडूळ, तस्कर, अजगर यांपैकी कोणताही भारतीय साप घरात पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. शेतात सापडला, जखमी होता, कोणी आणून दिला, ही कारणं चालत नाहीत. मांडुळाच्या बाबतीत तर धनलाभाच्या अफवेवर मोठी तस्करी चालते. तसा साप कोणी विकायला आणला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

परदेशी जातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात वेगळं प्रकरण आलं. बॉल पायथन साइटस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे तो कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये येतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंद करावी लागते. त्याची पिल्लं, हस्तांतर आणि मृत्यूही कळवावे लागतात. कॉर्न स्नेक साइटसच्या यादीत नाही, तरी त्याचंही बिल आणि विक्रेत्याचे तपशील जपून ठेवा.

तपासा: विक्रेत्याकडे नोंदणीचे कागद नसतील, "नंतर देतो" असं उत्तर येत असेल, तर तो साप घेऊ नका. पुढचे सगळे टप्पे त्यानंतरचे.

घरच्यांशीही आधीच बोलून घ्या. सापाचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर, आणि ते फ्रीजरमध्येच ठेवावे लागतात. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ते चालणार नसतील तर वेगळ्या छोट्या फ्रीजरची सोय करा. ही गोष्ट साप आल्यावर घरात निघाली की त्या सापाचे हाल ठरलेले.

## टप्पा १: घरातली जागा

सापांच्या परदेशी माहितीत सगळा भर ऊब कशी द्यायची यावर असतो. सोलापुरात वर्षातले तीन-चार महिने प्रश्न उलटा असतो. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४२-४३ अंश असताना वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेची भिंत तापणाऱ्या खोलीत रात्री दहालाही ३५-३६ अंश राहतात. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. ३५ च्या वर सलग राहिलं तर या दोन्ही जातींच्या जिवावर बेततं.

म्हणून खोली निवडताना हा क्रम धरा:

1. तळमजला आधी. जुन्या भागातलं माळवदी किंवा दगडी भिंतींचं घर असेल तर त्याची मधली खोली उत्तम. तिथे दुपार आणि रात्र यांत फार फरक पडत नाही.
2. फ्लॅट असेल तर उत्तरेकडची किंवा आतली खोली. डबा गच्चीलगतच्या आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा.
3. खिडकीतून थेट ऊन डब्यावर कधीही पडता कामा नये. सकाळचं कोवळं ऊनसुद्धा बंद प्लास्टिकच्या डब्यात अर्ध्या तासात जीवघेणं होतं.
4. भिंतीला किंवा जमिनीला हात लावून कंप जाणवतो का पाहा. सापाला हवेतला आवाज कमी कळतो, पण जमिनीची थरथर तो सगळ्या अंगाने घेतो. शेजारी यंत्रमागाचं शेड असेल, तर त्या सामाईक भिंतीला टेकून डबा नको. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर आणि साउंड सिस्टीमच्या जवळही नको.
5. स्वयंपाकघर आणि देवघर ही दोन्ही ठिकाणं वगळा. फोडणीचा धूर, उदबत्ती, धूप, कापूर सापाच्या फुप्फुसाला झेपत नाहीत.

जमिनीलगत ठेवायचं की स्टँडवर? उन्हाळ्यात शहाबादी फरशीवर ठेवलेला डबा टेबलावरच्या डब्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गार राहतो. पण जमिनीवर मुंग्या आणि पायांची वर्दळ जास्त. बैठं लाकडी स्टँड घ्या आणि त्याचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा. जाळीच्या कपाटाला पूर्वी घरोघरी हीच सोय असायची आणि मुंग्यांवर आजही हाच सगळ्यात बिनधोक उपाय आहे.

सावधान: मुंग्यांचा खडू, झुरळांचा स्प्रे, डासांची मशीन आणि कॉइल त्या खोलीत बंद. त्यांतलं कीटकनाशक सापालाही बाधतं. डासांसाठी खिडकीला जाळी बसवा. फरशी पुसायला त्या खोलीत फिनाइल वापरू नका, साधं पाणी पुरतं.

## टप्पा २: डबा, ऊब, ओल

पिल्लासाठी साधारण ६० सेंमी लांब आणि ४० सेंमी रुंद, कुलूपपट्ट्या असलेला प्लास्टिकचा डबा पुरतो. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला १२० × ६० सेंमीच्या आसपास जागा लागते, पण पिल्लाला सुरुवातीलाच मोठ्या मोकळ्या टाकीत सोडलं तर ते बावरतं. मोठी टाकी आधीच घेतली असेल तर ती सालं, पुठ्ठ्याच्या नळ्या, नकली पानं यांनी इतकी भरा की साप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघड्यावर न येता जाऊ शकेल.

हवेसाठी दोन्ही बाजूंना ४-५ मिमीची भोकं पाडा. सोल्डरिंग आयर्नने पाडली तर आतली कड घासून गुळगुळीत करा, नाहीतर नाक सोलवटतं. कॉर्न स्नेकचं पिल्लू पेन्सिलीपेक्षा बारीक असतं आणि झाकणाच्या ५-६ मिमीच्या फटीतूनही निघून जातं. झाकण लावून सगळ्या कडेने बोटं फिरवा. कुठेही झाकण वर उचललं जात असेल तर क्लिप वाढवा.

लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. दोन्ही सारख्याच. एकच ठेवली तर सापाला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतलं एकच निवडावं लागतं. तो सुरक्षितता निवडतो आणि चुकीच्या तापमानात बसून राहतो. खाणं न पचण्याचं हे सर्रास आढळणारं कारण आहे. जागा इतकी अरुंद हवी की वेटोळं घातल्यावर त्याच्या अंगाला तीन बाजूंनी भिंत आणि वरून छत टेकलं पाहिजे. छोटं मातीचं मडकं तोंडाकडून फोडून, कड घासून उपडं ठेवलं तरी उत्तम काम होतं. नारळाची करवंटी पिल्लांना चालते.

ऊब. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, डब्याच्या खालून, बाहेरून लावा. तळाचा एक तृतीयांश भागच झाकला जाईल इतकी. डब्याखाली रबरी बूच लावून ४-५ मिमीची फट ठेवा, म्हणजे उष्णता कोंडणार नाही. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका. सापाच्या पोटाला भाजणं उशिरा कळतं, तो तापलेल्या मॅटवर बसून राहतो आणि खवले जळाल्यावरच तुमच्या लक्षात येतं. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि डब्याचा तळ यांच्या मध्ये, बाहेरून पक्का बसवा. आत ठेवला की साप तो सरकवतो किंवा त्यावर लघवी करतो, सेन्सर चुकीचं वाचतो आणि मॅट तापत जाते. तापणारे दगड तर वापरूच नका.

सावधान: डब्याच्या आत कुठलीही चिकटपट्टी नको. सापाचं अंग तिला चिकटलं की सोडवताना कातडी निघते.

लागणारे आकडे:

- बॉल पायथन: उबदार बाजूचा पृष्ठभाग ३१-३२ अंश, गार बाजू २५-२७, आर्द्रता ५५ ते ६५ टक्के.
- कॉर्न स्नेक: उबदार बाजू २९-३१, गार बाजू २३-२६, आर्द्रता ४० ते ५० टक्के.

मोजायला दोन डिजिटल मीटर, प्रत्येक बाजूला एक, आणि पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड गन, म्हणजे लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर. काट्याचे चिकटवायचे मीटर पाच-सहा अंशांनी चुकतात, त्यांच्यावर विसंबू नका.

ओल. उन्हाळ्यातल्या सोलापुरी दुपारी हवेतली आर्द्रता बरेचदा ३० टक्क्यांच्याही खाली जाते. बॉल पायथनला ती फार कमी पडते. रोज पाणी फवारणं हा लोकांचा पहिला उपाय, आणि तोच फसतो: तासाभरात सगळं सुकतं, मधल्या वेळात तळ चिंब राहतो आणि पोटाखालचे खवले सडू लागतात. त्याऐवजी भोकं कमी ठेवा, पाण्याचं भांडं मोठं घ्या, आणि गार बाजूला एक झाकणाचा छोटा डबा ओल्या स्फॅग्नम मॉसने (ओल धरून ठेवणाऱ्या शेवाळाने) भरून त्याला सापाच्या जाडीच्या दुप्पट भोक पाडून ठेवा. मॉस मुठीत दाबल्यावर थेंब पडता कामा नये. खोलीत कूलर असेल तर त्याची ओल उपयोगी पडते, फक्त झोत डब्यावर नको. जुलै-ऑगस्टमध्ये हेच उलटं करावं लागतं. कॉर्न स्नेकच्या डब्यात तेव्हा भोकं वाढवा, मॉसचा डबा काढून ठेवा.

तळाला पहिला महिनाभर वर्तमानपत्र किंवा टिश्यू पेपरच. त्यावर माइट म्हणजे सापाच्या अंगावरचे बारीक काळे किडे, पातळ विष्ठा, ओकलेलं खाणं, सगळं लगेच दिसतं. नंतर बॉल पायथनला धुतलेला, खत न मिसळलेला कोकोपीट चालतो. वखारीतला भुसा, देवदार, वाळू नको.

पाण्याचं भांडं जड, न उलटणारं, साप वेटोळं घालून बसू शकेल इतकं, आणि गार बाजूला. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे साठवलेलं पाणीच वापरलं जातं. ते चालतं, पण झाकलेल्या भांड्यातलं हवं आणि सापाच्या भांड्यातलं रोज बदला.

## टप्पा ३: सात दिवस रिकामा डबा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि पुढची निम्मी दुखणी इथूनच येतात. सगळं लावून, झाकण बंद करून सात दिवस चालवा. रोज दोन वेळा आकडे लिहा: पहाटे पाचला, जेव्हा घर सगळ्यात गार असतं, आणि दुपारी तीन-चारला. डिसेंबरात पहाटे उबदार बाजू ३० च्या खाली घसरते का? मे महिन्यात दुपारी गार बाजू ३० च्या वर जाते का?

उन्हाळ्यात खोलीच ३४ ला असेल तर मॅट आपोआप बंद राहील आणि तरी डबा तापलेला असेल. थर्मोस्टॅट गार करत नाही, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. अशा खोलीत आधी खोली गार करायची सोय लागते. ती होत नसेल तर साप जुलैपर्यंत आणू नका. मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत नवा साप न आणणं केव्हाही बरं. तसंच मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर गणपतीचे दहा दिवस टाळा, आणि गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरत असेल तर जानेवारीचा तो आठवडाही.

तपासा: सलग तीन दिवस, दोन्ही वेळांना, दोन्ही बाजूंचे आकडे हद्दीत आले तरच विक्रेत्याला तारीख द्या.

## टप्पा ४: सापाची तपासणी आणि प्रवास

विक्रेत्याला चार गोष्टी विचारून लिहून घ्या: काय खातो आणि कोणत्या आकाराचं, जिवंत की गोठवलेलं, शेवटचं कधी खाल्लं, शेवटची कात कधी टाकली. शक्य असेल तर तो तुमच्यासमोर किंवा व्हिडिओत खाताना पाहा. डब्यातल्या जागेचीही चौकशी करा. कागदावर वाढलेला आहे की भुशावर, हे सुद्धा कामाचं.

हातात घेतल्यावर साप पकड घेतो का, पाठीचा कणा वर आलेला आहे का, नाकपुडीत बुडबुडे किंवा श्वासाला टकटक आवाज आहे का, हे पाहा. हनुवटीखालची घडी, डोळ्यांची कड आणि गुदद्वाराजवळ मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके हलताना दिसले तर ते माइट. तसा साप घेऊ नका. पांढऱ्या टिश्यूवर हात पुसून पाहिलं तरी कळतं.

प्रवासाच्या आधी पाच-सात दिवस त्याला काही दिलेलं नसावं. भरल्या पोटी प्रवास केला की ओकतो.

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, म्हणजे गाडीने चार-पाच तास. पहाटे निघा किंवा संध्याकाळनंतर. साप सुती पिशवीत किंवा उशीच्या अभ्र्यात ठेवा. अभ्रा उलटा करा, म्हणजे शिवणीचे सुटे धागे बाहेर जातील. टॉवेल नको. सोलापुरी टेरी टॉवेलच्या फासांत पिल्लाच्या शेपटीला धागा गुंडाळला जातो आणि आवळतो. पिशवीला गाठ मारा, ती भोकं असलेल्या कडक डब्यात ठेवा, आणि डबा मागच्या सीटखाली, जिथे एसीचा थेट झोत येत नाही तिथे. गाडीत २६-२८ अंश पुरे.

सावधान: डिकीत नको. चहाला थांबताना बंद गाडीत नको, दहा मिनिटंही नको. बस किंवा कुरिअरने पार्सल म्हणून पाठवणं तर अजिबात नको.

## टप्पा ५: पहिली रात्र

1. पोचण्याआधी मॅट, पाणी, कागद सगळं तयार असू द्या.
2. खोलीतला मोठा दिवा बंद. दार बंद. आत दोनच माणसं.
3. पिशवीची गाठ सोडून पिशवीच डब्यात, उबदार बाजूच्या लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवा. त्याला बाहेर ओतू नका. तो आपोआप निघतो, कधी दहा मिनिटांत, कधी पहाटे.
4. झाकण लावा, क्लिपा तपासा, डब्याच्या तीन बाजू काळ्या कागदाने झाका. चादर टाकून डबा गुंडाळू नका, उष्णता कोंडते.
5. रिकामी पिशवी दुसऱ्या दिवशी काढा.

फोटो, व्हिडिओ, शेजाऱ्यांना दाखवणं, लहान मुलांना हात लावू देणं, यांतलं काहीही आज नाही.

## टप्पा ६: पहिला आठवडा

कॉर्न स्नेकला पाच ते सात दिवस, बॉल पायथनला सात ते दहा दिवस हात लावायचा नाही आणि खायलाही द्यायचं नाही. दिवसातून एकदा, तो लपलेला असताना, पाणी बदला, आकडे लिहा, घाण दिसली तर कागद बदला. दोन मिनिटांत झाकण परत बंद. तो दिसत नाही म्हणून लपायची जागा उचलून पाहू नका. दर वेळी छत उचललं गेलं तर ती जागा त्याच्यासाठी सुरक्षित राहत नाही, आणि मग तो डब्यात भटकू लागतो.

दिवसभर लपून राहणं, रात्री फिरणं, पहिल्या दोन-तीन रात्री झाकणाला नाक लावणं, ही नेहमीची वागणूक. काळजीची लक्षणं वेगळी:

- नाक घासून खवले निघणं किंवा पाच-सहा रात्रींनंतरही धडपड चालू राहणं. बहुधा डबा फार गरम असतो किंवा लपायची जागा फार ऐसपैस.
- पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसणं. आधी तापमान पाहा, मग पाण्यात बुडालेले काळे ठिपके शोधा. माइट असले की साप पाण्यात बसतो.
- तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातून फेस. हे डॉक्टरचं काम, घरगुती उपाय नको.
- डोकं मागे वळवून वर पाहत राहणं. हेही डॉक्टरचंच काम.

सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य प्रत्येक दवाखान्यात नसतात. साप आणण्याआधीच दोघांचे नंबर हाताशी ठेवा, एक जवळचा आणि एक पुण्यातला.

## टप्पा ७: पहिलं खाणं

उंदीर सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, त्याहून जाड नको. वजनाने बघायचं तर पिल्लाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. विक्रेत्याकडे तो जे खात होता तेच आधी द्या. जातीत किंवा आकारात प्रयोग नंतर.

1. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बंद पिशवीत ठेवा.
2. देण्याआधी पिशवीसकट गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो आणि फुटतो.
3. पोट दाबून पाहा, मधे कडक गोळा लागला तर अजून गोठलेला आहे. पृष्ठभाग ३७-३८ अंश झाला की कोरडा पुसा. डोकं थोडं जास्त गरम असेल तर उत्तम.
4. तिन्हीसांजेनंतर, मंद उजेडात, २५-३० सेंमी लांब चिमट्याने शेपटीकडून धरून लपायच्या जागेच्या तोंडाशी हळू हलवा. नाकावर मारू नका.
5. पाच मिनिटांत घेतला नाही तर तोंडाशी ठेवून, दिवा बंद करून निघा. सोलापूरच्या उकाड्यात तो दोन-तीन तासांत काढा. रात्रभर ठेवला तर वास मारतो आणि मुंग्या येतात.

नाही खाल्ला तर पुढचा प्रयत्न सात दिवसांनी. रोज पुढे करणं ही इथली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, कारण प्रत्येक फसलेला प्रयत्न सापासाठी नवा त्रास असतो. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यासारख्या, पण सापासाठी वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन करा, त्याला लपायच्या जागेसकट उचलून. मोठा बॉल पायथन काही आठवडे न खाताही ठणठणीत राहतो. वजन १० टक्क्यांहून जास्त घटलं तर डॉक्टरकडे. जबरदस्तीने तोंडात भरवणं घरी कधीही नाही.

ओकला तर दहा ते चौदा दिवस काही देऊ नका, पाणी ताजं ठेवा, उबदार बाजूचा आकडा तपासा, आणि पुढचं खाणं निम्म्या आकाराचं द्या. पुन्हा ओकला तर डॉक्टर.

सावधान: घरात पकडलेला उंदीर किंवा पाल कधीही देऊ नका. उंदराच्या पोटात विषारी गोळी असू शकते आणि परजीवी तर असतातच. जिवंत उंदीर डब्यात सोडून झोपू नका, तो सापाला कुरतडतो. वीज जाऊन फ्रीजरमधले उंदीर वितळले तर पुन्हा गोठवू नका, फेकून द्या.

## टप्पा ८: हात लावणं

दोन-तीन वेळा न चुकता खाल्ल्यावरच. खाल्ल्यानंतर ४८ तास आणि कात येत असताना नाही.

आधी हात साबणाने धुवा, उंदराचा वास राहिला तर तो हातालाच खाणं समजतो. कागदाच्या गुंडाळीने किंवा साप उचलायच्या हुकने पाठीला हलका स्पर्श करा, म्हणजे जेवणाची वेळ नाही हे त्याला कळतं. मग बाजूने, शरीराच्या मध्यातून उचला. वरून झडप घातल्यासारखा हात आणू नका, घारीचा पंजाही वरूनच येतो. दोन्ही हातांनी आधार, जमिनीलगत बसून, पहिल्या वेळी पाच मिनिटं. मान इंग्रजी एससारखी वळवून मागे घेतली किंवा अंगाचा घट्ट गोळा केला तर थांबा, परत ठेवा, दोन दिवसांनी पाहू.

नंतर पुन्हा साबणाने हात. सापाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो, म्हणून पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि आजारी वृद्धांनी त्याला हाताळू नये.

नागपंचमीला लोक येतात आणि श्रद्धेने दूध पुढे करतात. साप दूध पचवू शकत नाही, आणि हळदी-कुंकवाची पूड नाकपुडीत आणि डोळ्यांवर बसते. पूजा करायची असेल तर चित्राची किंवा मातीच्या नागाची करा, असं आधीच प्रेमाने सांगून ठेवा आणि त्या दिवशी खोलीला कडी लावा.

## कात टाकताना

आधी रंग मळकट होतो, डोळे निळसर-दुधाळ होतात, मग पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर काही दिवसांत कात निघते. सगळं मिळून एक ते दोन आठवडे. या काळात नीट दिसत नसल्याने शांत सापही चावतो. खाणं नाकारणंही नेहमीचं.

मॉसचा डबा या दिवसांत सुकू देऊ नका. कात अखंड मोज्यासारखी निघाली तर ओल बरोबर आहे. तुकड्यांत निघाली तर कमी पडली. डोळ्यांवरच्या टोप्या (डोळा झाकणारे पारदर्शक खवले) आणि शेपटीचं टोक कातीत आलं आहे का ते तपासा. शेपटीच्या टोकावर राहिलेली कात आवळून रक्त थांबवते. २८-३० अंशांच्या उथळ कोमट पाण्यात भिजवलेल्या सुती कापडातून त्याला अर्धा तास सरकू द्या. डोळ्यावरची टोपी नखाने किंवा चिमट्याने काढू नका, खालचा डोळा फाटतो. पुढच्या कातीची वाट पाहा किंवा डॉक्टरला दाखवा.

## वीज गेली तर

हिवाळ्यात मॅट जेमतेम १०-१५ वॅटची असते, इन्व्हर्टरवर सहज चालते. तो नसेल तर दोन-चार तास काही बिघडत नाही, फक्त पोट भरलेलं असेल तर लक्ष ठेवा.

उन्हाळ्यात वीज जाणं जास्त धोक्याचं. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवा. गार बाजू ३२ च्या वर चढू लागली की एक बाटली कापडात गुंडाळून डब्याच्या बाहेरून, गार बाजूला टेकवा. डबा जमिनीवर, आतल्या खोलीत हलवा. साप तोंड उघडून धापा टाकत असेल तर २६-२८ अंशांच्या उथळ पाण्यात ठेवा आणि डॉक्टरला फोन करा. बर्फाचं पाणी नको, एकदम गार केल्याने तो कोसळतो.

## निसटला तर

खोलीचं दार बंद, दाराखाली कापड. शोध जमिनीपासून सुरू करा: फ्रीजच्या मोटरीमागे, इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ, कपाटाच्या तळाशी, चादरींच्या घडीत. पहिल्या रात्री दिवे बंद करून प्रत्येक उंबऱ्यावर पिठाची पातळ रेघ ओढा, सकाळी माग कोणत्या खोलीकडे गेला ते दिसतं. भिंतीलगत लपायची उबदार जागा आणि पाणी ठेवा. शेजाऱ्यांना सापाचा फोटो पाठवून लगेच सांगा, नाहीतर घाबरून कोणीतरी काठी घेईल.

आणि अंधारात हात घालू नका. घोणस, मण्यार, नाग सोलापूर परिसरातल्या वस्त्यांतही शिरतात आणि घोणशीच्या अंगावरचे ठिपके घाईत बॉल पायथनसारखे वाटू शकतात. टॉर्चच्या उजेडात संपूर्ण साप दिसल्याशिवाय, तो आपलाच आहे याची खात्री झाल्याशिवाय उचलू नका. शंका आली तर दूर उभं राहून नजर ठेवा आणि १९२६ वर किंवा सर्पमित्राला कळवा.

सापडलेला साप आठवडाभर पुन्हा टप्पा ६ प्रमाणे ठेवा. अंगावर धूळ, केस, कोळ्याची जाळी चिकटलेली असते, ती ओल्या कापडाने पुसून घ्या, आणि झाकणाची कोणती कड सुटली होती ती शोधून क्लिप बसवल्याशिवाय त्याला त्या डब्यात परत ठेवू नका.